एकोणिसाव्या मजल्यावरचा कळस

घाटकोपरच्या रवळनाथ नगरात चाळ पडून एकोणीस मजले उभे राहिले, लिफ्ट चालू झाली, नळाला पाणी आलं, तरी कुणाला राहायला जाता येईना. इमारत चौदा सेंटीमीटरने जास्त उंच भरली होती. हे चौदा सेंटीमीटर अनंत परबांचे.

त्याचं असं झालं. जुन्या चाळीच्या अंगणात रवळनाथाचं देऊळ होतं. गिरणी कामगारांच्या बेचाळीस बिऱ्हाडांनी एकेक पितळी तांब्या दिला आणि ते आटवून कळस केला. त्यात आपल्या आईचा तांब्या सगळ्यात जड होता, असं अनंत सांगे. उरलेल्या एकेचाळीस घरांतही हेच सांगत. नव्या इमारतीत देव तळमजल्यावर आला आणि त्याच्या डोक्यावर एकशे चौदा फ्लॅट. देवाच्या डोक्यावर कुणी राहू नये ही रीत. तेव्हा अनंतने तोड काढली. देव खालीच राहू दे, कळस गच्चीवर टाकीच्या माथ्यावर बसवायचा, म्हणजे सगळे कळसाखाली आले. देवासमोर उभा राहून तो बोलून गेला, "कळस माथ्यावर असेल तरच घरात पाऊल टाकीन." आणि एका सकाळी कळस पोत्यात घालून टाकीवर चढला, सिमेंटात पक्का बसवून उतरला. वय वर्षं चौऱ्याहत्तर. शिडी धरायला कुणी नव्हतं. शिडी घाबरून आपली आपणच ताठ उभी राहिली, असं म्हणतात.

या भागावरून विमानं उतरतात, त्यामुळे उंचीची परवानगी मोजून मिळते, आणि ती ओलांडली की राहायला जायचा दाखला मिळत नाही. समुद्रसपाटीपासून एकाहत्तर मीटर चाळीस. टाकीपर्यंत एकाहत्तर मीटर आठ भरले. वर कळस, सेहेचाळीस सेंटीमीटरचा.

दाखल्यासाठी मोजायला सिद्धेश राणे नावाचा तरुण इंजिनिअर आला. मुलुंडचा, आजोळ देवगडचं. त्याने गच्चीवर यंत्र लावलं, दोनदा बघितलं.

"काका, कागदात सर्वोच्च बिंदू लिहायचा असतो. जे काही सगळ्यात वर असेल ते. टाकी, अँटेना, झेंड्याची काठी, काहीही."

"कावळो बसलो तर?" अनंतने विचारलं.

"कावळा उडून जातो. त्याला सूट आहे."

अनंत तयारीत होता. "ह्या बघ झिला. डोंगराक माथो, झाडाक शेंडो, इमारतीक गच्ची आणि देवळाक कळस. तू मोजतस ती इमारत. कळस देवळाचो. तुझ्या कागदात तो येवचो नाय."

सिद्धेशने ते शांतपणे लिहून घेतलं. "म्हणजे देऊळ तळापासून इथपर्यंत?"

"बरोबर."

"मधली एकशे चौदा घरं देवळात?"

"देवळातच."

"मग काका, सगळ्यांचं मासे-मटण बंद?"

गच्चीवर चाळीतली बरीच माणसं जमली होती. शेवंती मावशी बाजारातून थेट आली होती. तिने बोंबलांची पिशवी पाठीमागे घेतली.

अनंतची बायको सुनंदा पुढे झाली. "ओ, सात वर्सां भांडुपच्या भाड्याच्या खोलयेत काढलंय. ती देवळात ऱ्हवाक न्हय. आणि संडास खंय म्हणायचो? गाभाऱ्यात?"

"तू गप ऱ्हव."

"सात वर्सां गपच ऱ्हवलंय."

सगळे अनंतकडे बघू लागले. तो म्हणाला, "माझो शब्द माणसाक दिलेलो नाय, देवाक दिलेलो आसा. सोडवीत तर तोच सोडवीत. गाऱ्हाणां घालूया."

गाऱ्हाण्याची रीत सोपी. एकाने देवाकडे मागायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. म्हटलं की देवासमोर कबूल. अनंत बोलायला शिकला तोच या दोन शब्दांनी, आईला हाक त्यानंतर. गेली तीस वर्षं चाळीचं गाऱ्हाणं तोच घाली, आणि काय मागायचं हे त्याने खाली उतरताना लिफ्टमध्येच ठरवलं होतं.

सगळे देवासमोर उभे राहिले. अनंतने डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"बेचाळीस तांब्यांचो कळस तुझ्या माथ्यावर आसा, तो थयच ऱ्हवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सवयीने सगळे म्हणाले, शेवंती मावशीसुद्धा.

"ह्या साहेबाच्या मापातले चौदा सेंटीमीटर तू गिळून टाक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात सिद्धेशचाही आवाज होता. आजोळ आडवं आलं. त्याने दचकून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

अनंतने तो आवाज ऐकला आणि समाधानाने लांब श्वास घेतला. तेवढ्यात गाऱ्हाणं सुनंदाने उचललं. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं चाळीत कुणी पाहिलं नव्हतं, पण सूर इतका बरोबर लागला की कुणी डोळे उघडले नाहीत.

"आणि माझ्या घोवान देवा तुका जो शब्द दिल्यान, त्यातसून तू तेका मोकळो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पोरां बापाच्या खांद्यार बसतत, तसा तू आमका डोक्यार सोस रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"फाल्या सकाळी तो आपल्या हातान कळस खाली हाडूंदे, तुझ्या दारार बसवूंदे, आणि माका माझ्या घरात जावंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने म्हणाला तो अनंत.

त्याने डोळे उघडले. कुणी हसलं नाही. सुनंदा देवाला हळद-कुंकू वाहत होती.

"तू माझो श्वास बघून घुसलंस," तो म्हणाला.

"पन्नास वर्सां बघतंय. खंय थांबतास ता म्हायत आसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी-हातोडी घेऊन अनंत टाकीवर चढला. या वेळी शिडी खाली सिद्धेशने धरली होती. सिमेंट सुटायला दोन तास लागले. त्याने बसवलंच तसं होतं. कळस मांडीवर घेऊन तो थोडा वेळ टाकीवर बसून राहिला. वरून एक विमान गेलं. मग त्याने कळस पोत्यात घातला आणि सांभाळून उतरला.

तळमजल्यावर, देवाच्या दारावर कळस बसला. सिद्धेशने कागद पुढे केला. सोसायटीतर्फे अनंतची सही हवी होती. अनंतने चष्मा लावून वाचलं, ‘सर्वोच्च बिंदू: पाण्याची टाकी, झाकणासह.’

"झाकणासह?"

"झाकणासह, काका."

अनंतने पेन हातात धरून पुन्हा एकदा वाचलं. बाहेर सुनंदा टेम्पोवाल्याला सांगत होती की कपाट आडवं घालू नकोस, आरसा फुटेल.

त्याने सही केली आणि कपाटाला हात लावायला बाहेर गेला.