शाहजादी बाहेर आली

मलकापूरच्या आमच्या जिनिंगमध्ये मोबाइल दारावरच काढून घेतात. कापसाला ठिणगीचा काय भरवसा! म्हणून आत जे बोलायचं ते कॉम्प्युटरवरच्या चॅटमधून. एक कॉम्प्युटर माझ्या केबिनमध्ये, मशिनी चालू-बंद करायच्या बटणांशेजारी. दुसरा खाली सरकीच्या नालीजवळ. ती नाली केबिनमधून दिसत नाही आणि आवाजात हाक पोचत नाही.

जुनं चॅट फक्त विंडोजसाठी बनवलेलं होतं. लहानसं, दिसायला यथातथा, पण मेसेज गेला नाही तर लाल अक्षरांत तोंडावर सांगायचं. मालकांच्या मॅकवर ते चालेना, म्हणून कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या रवीनं नवं आणलं. सगळीकडं एकच.

"त्याच्या पोटात अख्खा ब्राउझर हाये," मी त्याला म्हटलं होतं. "आपल्या डबड्यांले ते झेपून नाई राह्यलं."

"मंग दोन-दोन ॲप कोन सांभाळीन, तू? अटकलं तं बंद करून उघडाचं. मेसेज कुठी जात नाई, जपून ठेवते अन् मंग पाठवते."

जपून ठेवते! लोणचं आहे का ते?

सरकी वाहून नेणारा लोखंडी स्क्रू त्या नालीत फिरतो. तो तुंबला की मी बंद करते आणि शाहजादीआपा फावडं घेऊन आत उतरते. ती वर आली की आमचे मिस्त्री फारुखभाई चॅटवर लिहितात, मग मी बटण दाबते. त्या दिवशी सकाळी चॅट अटकलं, म्हणून आपा बाहेर आल्याचं फारुखभाई स्वतः वर येऊन सांगून गेले. दुपारी स्क्रू पुन्हा तुंबला. आपा पुन्हा उतरली.

थोड्या वेळानं मेसेज आला. फारुखभाईंचं नाव, आत्ताची वेळ. 'शाहजादी बाहेर आली. चालू कर.'

मी हिरवं बटण दाबलं.

तेवढ्यात केबिनचं दार उघडून फारुखभाईच आत आले. "मयुरी, पहार कुठी हाये? सरकी लय घट्ट बसली. शाहजादी आतच हाये."

मला ऐकू आलं, पण डोक्यात शिरेना. मग लाल बटणावर मी हात नाही, अख्खं अंगच टाकलं.

"तुमीच तं लिवलं!"

"म्या? सकाळी लिवलं होतं. आता नुसतं ते अटकलेलं चॅट बंद करून उघडलं..."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. धावत जिना उतरले. नालीजवळ पोचले तर स्क्रू थांबलेला, आणि त्याच्या पात्यात फावड्याचा दांडा पिळून मोडलेला. मला वाकून बघवेना. आयुष्यात एवढी कधी भ्याले नव्हते.

"फावडं गेलं," मागून आवाज आला. "मी नाई गेली."

शाहजादीआपा नालीच्या काठावर बसली होती. बोंडाचं टरफल टाचेत रुतलं म्हणून ती वर चढून ते काढत होती. एका टरफलानं तिला वाचवलं. मी तिला मिठी मारून हमसून हमसून रडले.

रवी आला, कॉम्प्युटर पाहिला आणि पांढराफटक पडला. "जुनं चॅट परत टाकतो," एवढंच म्हणाला.

"तुले जे टाकाचं ते टाक," आपा म्हणाली. काम अर्धं राहिलं होतं. तिनं माझ्यापुढं हात केला. "चाबी दे."

मी वर जाऊन बटणांच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली तिला आणून दिली. तिनं ती ओढणीच्या पदराला गाठ मारून बांधली, नवं फावडं घेतलं आणि खाली उतरली.

मी केबिनमध्ये जाऊन बसले. बऱ्याच वेळानं चॅट वाजलं. 'शाहजादी बाहेर आली. चालू कर.' मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

शेवटी ती दारात आली. अंगभर रुई. ओढणीची गाठ सोडायला लागली, पण बोटं इतकी थरथरत होती की गाठ सुटेना. मी सोडायला गेले, तर माझ्यानंही सुटेना.