बहात्तराव्या घरापलीकडे

मित्रांनो, मी एक जुनी भाषा आहे. माणसांनी एकमेकांशी बोलायची नव्हे, संगणकाला गणितं सांगायची. माझं नाव फोरट्रान. तुमच्या आजोबांच्या वयाची आहे मी, आणि अजून कामावर जाते. माझ्याबरोबरीच्या कितीतरी भाषा केव्हाच विस्मरणात गेल्या. मी टिकले याचं लोक कौतुक करतात. थोडं कौतुक मीही करून घेणार आहे, म्हातारीला तेवढी हौस असतेच. पण आज मला सांगायचंय ते वेगळं आहे. मी गप्प बसले म्हणून एक बाई जीवाला मुकली. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. १९५७ साली मी लोकांपुढे आले. त्याआधी यंत्राशी बोलायचं म्हणजे पानंच्या पानं आकडे आणि सांकेतिक खुणा लिहायच्या, डोळे फुटेपर्यंत. माझ्या कर्त्यांना वाटलं, आपण वहीत सूत्र लिहितो तसंच यंत्राला लिहून देता आलं तर? म्हणून त्यांनी मला घडवलं आणि माझ्यासाठी एक दुभाषाही घडवला. त्याला कंपायलर म्हणतात. मी सूत्र सांगायचं, त्याने ते यंत्राच्या आकड्यांत उतरवायचं. तो नसेल तर मी नुसती कागदावरची शाई. सुरुवातीला जाणत्यांनी नाकं मुरडली. हाताने लिहिणाऱ्याची सर या दुभाष्याला काय येणार, असं ते म्हणत. माझ्या कंपायलरने त्यांना खाली मान घालायला लावली. मग धरणं, पूल, विमानं, हवामानाचे अंदाज, जिथे मोठं गणित तिथे मी. एकच काम हजार वेळा करायला सांगा, मी कंटाळत नाही.

तेव्हा पडदा नव्हता. जाड कागदाच्या पत्त्यांवर भोकं पाडून मला लिहीत. एका पत्त्यावर एक ओळ आणि एका ओळीत ऐंशी घरं. पहिली सहा घरं खुणांची. सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत सूत्र. उरलेली आठ घरं पत्त्याच्या अनुक्रमांकासाठी, म्हणजे गठ्ठा हातून सुटला तर पत्ते पुन्हा ओळीने लावता यावेत. म्हणून माझ्या कंपायलरला पहिल्यापासून ताकीद होती की बहात्तराव्या घरापलीकडे बघायचं नाही. तिथे काहीही असो, सोडून द्यायचं, तक्रार करायची नाही. ताकीद शहाणपणाची होती. पुढे पत्ते गेले, ताकीद मात्र तशीच राहिली.

मला वसईत आणलं ते सुधाकर राऊत यांनी. गिरीजचे राऊत, घरची केळीची वाडी. १९७४ साली मुंबईत शिकताना ते मला भेटले. खिडकीतून पत्त्यांचा गठ्ठा आत द्यायचा आणि उत्तरासाठी दोन दिवसांनी यायचं, असे ते दिवस. एकदा त्यांचे पाचशे पत्ते जिन्यावरून घरंगळत खालच्या मजल्यावर गेले. शेवटच्या आठ घरांतल्या क्रमांकांनी त्यांना वाचवलं. त्या दिवसापासून त्यांची बोटं बहात्तराव्या घरापाशी आपोआप थांबू लागली.

१९९१ मध्ये त्यांनी नालासोपाऱ्यातल्या तुळिंजला कचेरी थाटली. इमारतीचे खांब किती जाड हवेत, त्यांत लोखंड किती हवं, हे काढून द्यायचं त्यांचं काम. एक संगणक घेतला, आणि काळ्या फ्लॉपीवरून मी आणि माझा कंपायलर त्यात राहायला गेलो. सरांची एक रीत होती. प्रत्येक इमारतीतला एक खांब ते पाठकोऱ्या कागदावर हाताने सोडवून बघत. माझं उत्तर शेजारी ठेवत, आणि दोन्ही जुळली तरच नकाशावर सही करत. मला तेव्हा त्याचा राग येई. एवढी वर्षं इमाने काम केलं आणि हा माणूस अजून माझी परीक्षा घेतो!

१९९४ ला लतिका आली. डिप्लोमा झालेली, हुशार आणि कामाला वाघ. आईवडील मूळचे संगमेश्वरकडचे, घर तुळिंजलाच. सरांनी तिला शेजारी बसवून माझी ओळख करून दिली. सगळं शिकवलं, फक्त बहात्तराव्या घराचं सांगायचं राहिलं. लपवलं नाही हो. आपण श्वास कसा घेतो हे कुणी कुणाला सांगतं का? त्यांच्या बोटांना ते ठाऊक होतं, डोक्यात आलंच नाही.

१९९६ पर्यंत नालासोपाऱ्यात इमारती भराभर उठू लागल्या. सरांच्या टेबलावर नकाशांचा ढीग साचला. पाठकोरे कागद एका कोपऱ्यात पडून पिवळे पडत चालले. एके दिवशी शत्रुघ्नशेठ आले. ते ‘नवदीप’ नावाची चार मजली इमारत बांधत होते.

“राऊतसाहेब, टँकर येतो दिवसाआड,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक आधी पाण्याचं विचारतं, मग खोल्यांचं. मला गच्चीवर मोठी टाकी हवी. वीस हजार लिटर. चार खांबांवर उचलून द्या.”

वीस हजार लिटर म्हणजे वीस टन पाणी, मित्रांनो. आणि टाकीचं स्वतःचं वजन वेगळं.

सरांनी माझ्यात लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खांबावरच्या एकूण वजनाची एक जुनी ओळ होती. स्लॅब अधिक तुळया अधिक भिंती अधिक माणसं आणि सामान. लतिकाने तिच्याच शेवटी लिहिलं, अधिक टाकी. पडद्यावर ओळ पुरी दिसत होती. पण ‘अधिक’ची खूण नेमकी त्र्याहत्तराव्या घरात पडली. एक घर अलीकडे पडली असती, तर वाक्य अर्धवट लोंबकळलं असतं आणि माझ्या कंपायलरने बोंब मारली असती. तसं झालं नाही. टाकी सोडून उरलेली ओळ अगदी शुद्ध होती. त्याने ती वाचली, पुढचं सोडून दिलं आणि खाली छापलं, चुका शून्य.

“सर, एकही एरर नाही,” लतिका म्हणाली.

“मग काढ प्रिंट,” सर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

पाठकोरा कागद त्या दिवशी कोणी घेतला नाही. मी त्याची वाट पाहिली असं म्हणणं खोटं ठरेल. मी खूश होते.

नवदीप उभी राहिली. लोक राहायला आले, टाकी भरू लागली. बाकीच्या इमारतींच्या टाक्या लहान होत्या, जिन्याच्या भिंतींवर बसवलेल्या. खांबांवर उभी होती ती एवढीच. अशी पाच वर्षं गेली.

२००१ च्या मे महिन्यात कचेरीत नवा संगणक आला आणि त्याच्याबरोबर नवा कंपायलर. तोवर माझी नवी आवृत्ती निघाली होती. तिच्यात पत्त्यांची घरं नव्हती, ओळ मोकळी लिहिता येई. नवा दुभाषा जुन्या ओळी जुन्याच नियमाने वाचायचा, पण स्वभावाने बोलका होता. एका शुक्रवारी सकाळी त्याने लतिकाला सांगितलं की ओळ एकशे चौदा, बहात्तरानंतरचा मजकूर सोडला आहे. ही चूक नव्हती, नुसती सूचना होती. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केलं असतं. लतिकाने ओळ एकशे चौदा उघडली आणि पडद्यावर बोट ठेवून एकेक घर मोजलं.

“सर,” ती म्हणाली, “नवदीपची टाकी आपण धरलेलीच नाही.”

सरांनी कोपऱ्यातला पाठकोरा कागद ओढला. पाऊण तास ते हाताने गणित करत होते. मग पेन्सिल खाली ठेवली. खांबांत हवं त्याच्या निम्मंही लोखंड नव्हतं.

“मग पाच वर्षं उभी कशी राहिली?” लतिकाने विचारलं.

“आपण नेहमी थोडं जास्तीचं धरतो ना, त्या जास्तीवर,” सर म्हणाले. “आणि ही खारी हवा आता ते जास्तीचं खात बसलीय. टाकी आजच रिकामी करायला हवी.”

दोघं तडक नवदीपला गेले. मी तिथे नव्हते. पुढचं लतिकाने नंतर पडद्यासमोर बसून रडत रडत सांगितलं, तेव्हा मला कळलं.

सोसायटीचे सेक्रेटरी जितेश सावे खाली भेटले. सर म्हणाले, “वरची टाकी रिकामी करा. खांबांचं थोडं काम निघालंय.”

“काय बोलताय सर?” सावे म्हणाले. “चार दिवसांनी टँकर मिळालाय. आत्ताच भरून घेतली टाकी. पाणी सोडून दिलं तर बायका मला दारात उभं करणार नाहीत. सोमवारी करूया ना. तोवर वापरून होईल.”

सरांनी चष्मा काढून पुसला. तोंडाशी आलेलं वाक्य एवढंच होतं की आमची चूक झालीय, टाकी केव्हाही पडेल. पण पंचवीस वर्षांचं नाव, समोर जमलेली चार माणसं, इमारतीच्या पाटीवर लिहिलेलं ‘सुधाकर राऊत’. त्यांचं वाक्य बहात्तराव्या घरापाशी तुटलं.

“बरं, सोमवारी,” ते म्हणाले. “पण नक्की हं.”

लतिका खांब बघायला वर गेली. चौथ्या मजल्यावर भागूबाई राहत असत. मूळच्या खाडीकाठच्या गावच्या, आता मुलाकडे, हितेशकडे आलेल्या. टाकीच्या व्हॉल्व्हची चावी त्यांच्याकडे असे. सकाळ-संध्याकाळ पाणी त्याच सोडत. म्हातारी कुणाला अर्धी बादलीही जास्त देत नाही आणि कमीही देत नाही, म्हणून सगळ्या इमारतीचा त्यांच्यावर विश्वास. त्या लतिकाला गच्चीवर घेऊन गेल्या. एका खांबाचं प्लास्टर फुगून सुटलं होतं आणि आतून तांबूस पाणी झिरपत होतं.

“म्हैनाभर बगतंय मी,” भागूबाई म्हणाल्या. “सांगितलं सगल्यांना, कोन ऐकत नाय. बाय, तू शिकलेली हायस. खरं सांग, भ्यायचं कारन हाय काय?”

जिन्यात सर उभे होते. त्यांनी सोमवारचं ठरवलं होतं. आपण वर काही बोललो तर त्यांची शोभा होईल, असं लतिकाला वाटलं.

“नाही हो आजी,” ती म्हणाली. “नुसतं मेंटेनन्स आहे.”

“मंग बरं,” भागूबाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी चार वाजता त्या पाणी सोडायला गच्चीवर गेल्या. हात व्हॉल्व्हवर होता की नाही ते कोणी पाहिलं नाही. टाकी त्या खांबाच्या बाजूला झुकली आणि कोसळली. खालच्या दोन खोल्या चिरडल्या, पण त्या रिकाम्या होत्या. भागूबाईंना बाहेर काढायला संध्याकाळ झाली. चार दिवसांनी मिळालेलं ते पाणी जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत वाहत गेलं, आणि तुळिंजमध्ये कोणी बादली लावली नाही.

तेराव्यानंतर हितेश कचेरीत आला. बसला नाही. व्हॉल्व्हची चावी त्याच्या मुठीत होती.

“आईने तुम्हाला विचारलं होतं,” तो लतिकाला म्हणाला. “शेजारच्या दिपिकाने ऐकलंय. तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं का?”

सर मध्ये काही बोलायला गेले. लतिकाने त्यांना हाताने थांबवलं. “ठाऊक होतं,” ती म्हणाली. मग तिने पडदा त्याच्याकडे वळवून ओळ एकशे चौदा दाखवली, पाठकोरा कागद दाखवला, काही म्हणता काही राखलं नाही.

हितेशने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

“एवढंच तिला सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “चावी तिच्याच हातात होती. तिने तिथल्या तिथे पाणी सोडून दिलं असतं. शिव्या खाल्ल्या असत्या, पण सोडलं असतं.”

तो गेला. सरांनी त्या दुपारी चौकशीसाठी सगळं खरं लिहून दिलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कचेरीची पाटी उतरवली ती पुन्हा लावली नाही. गिरीजच्या वाडीत ते केळींना पाणी घालतात आणि कुणाकडे जात नाहीत. चौकशीत लतिकाची जबानी झाली, सही तिची नव्हती म्हणून ती सुटली. कायद्यातून सुटली, एवढंच म्हणते मी.

ती आता दुसऱ्याकडे काम करते, आणि अजून मलाच वापरते. नवी मोकळी आवृत्ती हाताशी असून जुन्या पत्त्यांच्या घरांतच लिहिते. नवे लोक हसतात. प्रत्येक ओळ बहात्तरावर थांबवली की उरलेल्या आठ घरांत ती एक नाव टंकते, आणि टंकताना पुटपुटते, म्हणून मला कळलं. भागूबाई. इंग्रजीत लिहिलं की बरोबर आठ अक्षरं होतात. शंभर ओळी असतील तर शंभर वेळा.

मित्रांनो, मला पुसूनबिसून नीट ठेवा असं मी म्हणणार नाही, मला धूळ चढत नाही. मागणं एवढंच आहे की मी ‘चुका शून्य’ म्हणते तेव्हा मला दिसलं तेवढ्यात चूक नाही, असं समजा. पाठकोरा कागद हाताशी असू द्या. मी रागावले तरी रागावू द्या. आणि जिन्यात कोणी तुम्हाला खरं काय ते विचारलं, तर वाक्य शेवटपर्यंत बोला. मला ते जमत नाही, तुम्हाला जमतं.

त्या शेवटच्या आठ घरांतलं नाव माझा कंपायलर कधीच वाचणार नाही. पण आता तिथे दुसरं काही मावत नाही.