बावीस धागे

"एकोणीस, वीस, एकवीस." सिद्धरामअण्णांनी सुईचं टोक चादरीवर तसंच टेकवून ठेवलं आणि मान वर न करता सांगितलं, "लिही पोरी. लाल एकवीस."

समोर मांडी घालून बसलेल्या प्रियंकानं वहीत आकडा लिहिला. तिच्या पुढ्यात लॅपटॉप उघडा होता. काळ्या पडद्यावर एक छोटी पांढरी चौकट, आणि तिच्यात पासवर्ड घातल्याशिवाय गडी पुढं सरकायला तयार नव्हता. हे कुलूप थेट मशीनलाच घातलेलं होतं. विंडोज वगैरे सगळी त्याच्या पुढची गोष्ट. आणि घातलं होतं कोणी, तर याच अण्णांनी, अकरा वर्षांपूर्वी.

अण्णा तेव्हा चादरीच्या कारखान्यात डिझायनर होते. आयुष्य सगळं ग्राफ पेपरवर चौकोन भरण्यात गेलेलं. मग मालकांनी हा लॅपटॉप आणला आणि अण्णांच्या हातात देऊन म्हणाले, डिझाईन बाहेर गेलं तर धंदा बसला. कुलूप तूच घाल आणि मलासुद्धा सांगू नकोस. अण्णांनी त्या दिवशी घरी येऊन ही गोष्ट बायकोला दोनदा सांगितली होती. एवढा विश्वास त्यांच्यावर सख्ख्या भावानंही कधी टाकला नव्हता.

मग एका सोमवारी डबा घेऊन कामावर गेले तर गेटला टाळं. लॅपटॉप आत, लॅपटॉपमध्ये अण्णांची तीनशे बारा डिझाईन्स, आणि अण्णा बाहेर रस्त्यावर. पाच वर्षं झाली त्याला. आता ते नव्या पेठेत एका दुकानात गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या टॉवेलांच्या घड्या घालतात. मध्यंतरी एमआयडीसीतल्या एका नव्या कारखान्यात जाऊन आले. तिथल्या मॅनेजरनं चहा दिला, गोड बोलला, आणि सांगितलं की आधी तुमचं काम दाखवा, मग बघू. दाखवायचं कुठून? अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला नुसत्या तोंडच्या बोलण्यावर कोण ठेवून घेतो?

आणि आज रविवारी दुपारी ही पोरगी लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी राहिली. जवळच्या होटगी गावची, शेतकऱ्याची मुलगी. भवानी पेठेत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान टाकलंय. जुन्या मालाच्या ढिगातून हे मशीन स्वस्तात मिळालं म्हणून उचललं, तर चालू केल्यावर ही चौकट. विकणारा परत घ्यायला तयार नाही, दुरुस्तीवाला म्हणतो आतला बोर्डच बदला. शेवटी मशीनच्या पोटावर कारखान्याचं लेबल दिसलं, तेव्हा विचारत विचारत इथवर आली. पासवर्ड तुम्हालाच ठाऊक आहे असं सगळे म्हणतात, असं तिनं सांगितलं.

अण्णांनी लेबल पाहिलं आणि ते उंबऱ्यातच खाली बसले. मग एकच अट घातली. उघडला तर आतली माझी डिझाईन्स मला काढून द्यायची. प्रियंका जराशी थांबली, मग हो म्हणाली.

आता पासवर्ड आठवायला नको? जो आकडा सहा वर्षं रोज सकाळी बोटांनी आपोआप दाबला, तो पार पुसला गेला होता. कपाळ चोळून चोळून एवढंच आठवलं की कॉम्प्युटरवर काढलेल्या पहिल्या चादरीचा काठ त्यात होता. काठाला पाच पट्टे, पाच पट्ट्यांतल्या धाग्यांचे पाच आकडे ओळीनं. तेव्हा त्यांची बायको गुरम्मा आतून म्हणाली की त्यातली एक चादर आपल्या ट्रंकेवर पसरलेली आहे की. ट्रंकेवरची भांडी उतरली, चादर आली, भिंग आलं, सुई आली.

चौदा, सहा, एकवीस, सहा, दहा. प्रियंकानं आकडे दाबले. नाही. उलटीकडून दाबले. नाही. अण्णांनी डिझाईनचा नंबर पुढं लावून बघायला सांगितलं. तेही नाही, आणि तीन वेळा चुकल्याबरोबर मशीन रुसून गप्प झालं. बंद करून पुन्हा चालू करावं लागलं.

"डोळं गेल्यात तुमचं," गुरम्मा म्हणाली. "काय त्या पोरीला बसवून ठेवलाय उगंच."

अण्णांना ते फार लागलं. डोळे गेले तर मग राहिलं काय? त्यांनी सुई बाजूला ठेवली. वही ओढून घेतली आणि आकड्यांकडे बघत राहिले. बघता बघता त्यांच्या तोंडावरचा रंगच बदलला.

एकवीस? धाग्यांचा आकडा विषम? जन्मात कधी त्यांनी काठात विषम आकडा घातला नव्हता. घालणार कसा? त्या मागावर आडवा धागा नेणारा धोटा ज्या बाजूनं निघतो त्याच बाजूला परत आल्याशिवाय रंग बदलता येत नाही. म्हणजे धागे पडणार ते जोडीनंच. लालाचा एक धागा इथं पडलेलाच नव्हता. मधेच तुटला असणार आणि माग तसाच पुढं धावला असणार. म्हणून तर ही चादर घरी आली! चांगला माल बाजारात जायचा. कामगाराच्या घरी यायचा तो फॉल्टचा. हिच्यावर खडूची फुली अण्णांनी स्वतः मारली होती, आणि विणणारा त्यांच्यावर आठ दिवस फुगून बसला होता.

"बावीस," अण्णा म्हणाले. "बावीस घाल."

प्रियंकानं घातलं. चौकट गेली.

गुरम्मानं दोन्ही हात जोडले. अण्णा गुडघ्यांवर पुढं सरकले, त्यांना हसू आवरत नव्हतं. पडदा काळाच राहिला. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ उमटली आणि तिच्या शेवटी एक रेघ लुकलुकत राहिली. अण्णा म्हणाले, जरा दम धर, ह्याला पहिल्यापासून वेळ लागायचा. त्यांनी दम धरला. दोन मिनिटं गेली, पाच गेली. प्रियंका पडद्याकडे बघतच नव्हती. ती चादरीच्या दशा बोटानं सारख्या करत होती.

"काय लिवलंय ते?" अण्णांनी विचारलं.

"आत डिस्क न्हाय म्हणून लिवलंय."

"तुला म्हाईत व्हतं?"

तिनं बोट दशांवरून काढून घेतलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. दुरुस्तीवाल्यानं खालचं झाकण उघडलं तेव्हाच त्याला दिसलं होतं, डिस्कची जागा रिकामी. भंगारात कोणीतरी आधीच काढून विकली असेल. नवी बसवता येते, पण कुलूप निघालं तरच. उद्यापासून शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू होताहेत, आणि हे मशीन चाललं नाही तर वडील तिला दुकान बंद करून घरी बसवणार आहेत.

"खरं सांगितलं असतं तर तुमी मोजलंच नसतं, काका," ती म्हणाली.

गुरम्मा भडकली. म्हातारा माणूस बघून फसवलंस, ऊठ आधी, असं बरंच काही मराठीत आणि उरलेलं कानडीत बोलली. तीनशे बारा. एकेक चौकोन अण्णांनी स्वतःच्या हातानं भरलेला होता. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. उपरण्यानं तोंड पुसलं.

प्रियंकानं खाली मान घालून लॅपटॉप मिटायला घेतला.

"थांब," अण्णा म्हणाले. "हितं ठेव."

त्यांनी मशीन स्वतःकडे वळवलं, बंद केलं आणि चालू होताना एक बटण दाबून धरलं. निळसर पान आलं. पासवर्ड बदलायची जागा त्यांना अजून बरोबर ठाऊक होती. जुना पासवर्ड घाला, असं मशीननं विचारलं. वहीकडे न बघता अण्णांनी एका बोटानं सावकाश आकडे दाबले. चौदा, सहा, बावीस, सहा, दहा.

मग मशीननं नवा पासवर्ड विचारला. अण्णांनी जागा कोरी ठेवली आणि एंटर दाबलं. नवा पुन्हा एकदा घाला, असं आलं. पुन्हा कोरी ठेवली.

लॅपटॉप आपोआप बंद होऊन चालू झाला. या वेळी त्यानं काहीच विचारलं नाही.