पाहुण्याचा व्हिसा

आलोकने तुआनला तेलकट डांगरी काढायला लावली, स्वतःच्या बॅगेतला धुवट शर्ट त्याच्या अंगात चढवला आणि गळ्याचं बटण आपल्याच हाताने लावलं. मग दाराशी डबे उतरवणाऱ्या वहिदाकडे वळून तो दबक्या आवाजात म्हणाला,

"भाभी, गेटवर पोलीस आलेत. विचारलं तर एवढंच सांगा, हा पाहुणा आहे. मशीन बघायला आलाय, हात लावत नाही."

"आन् हे?" वहिदाने तुआनच्या नखांकडे बोट केलं. रॉकेलने धुऊनही ती काळीच होती.

आलोक या कारखान्याचा मॅनेजर. त्याने तुआनचे हात टेबलाखाली सारले.

लातूरच्या एमआयडीसीतल्या या तेल कारखान्यात परदेशी कंपनीचं मशीन बसत होतं. ते बसवायला कंपनीने व्हिएतनामचा हा फिटर धाडला होता. व्हिसा पाहुण्याचा, मुक्काम महिनाभराचा ठरलेला. आता सातवा महिना लागला होता. वहिदा सकाळी क्लासच्या पोरींची मेस सांभाळायची आणि दुपारी इथे डबे आणायची. भूकंपाच्या साली जन्मलेली तिची लेक अर्शिया यंदा बारावीला होती. तिचा क्लास या डब्यांवरच चालला होता.

तुआनची भाषा इथे कुणालाच येत नव्हती. जेवताना तो वहिदाला फोटो दाखवायचा: एक बाई, तिच्या मांडीवर तान्हं मूल. मग बोटाने हवेत एक छोटा चौकोन काढून आलोकच्या कपाटाकडे बघायचा. तो चौकोन म्हणजे पासपोर्ट, हे वहिदाला समजायला फार दिवस लागले नाहीत. तिचा भाऊ मुनीब सौदीत दम्मामच्या फॅक्टरीत छाप्यात सापडून परत आला होता. गल्लीभर लोक हळहळले. तिला एकटीला मात्र तो म्हणाला होता, "आपा, पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता. पोलीस आले तवा सगळे पळाले. मी न्हाई पळालो."

फौजदार आत आले. उन्हातून आल्याने त्यांनी आधी पाणी मागितलं. आलोकचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, तुआनकडे एकदा पाहिलं आणि वहिदाला विचारलं,

"बाई, तुम्ही रोज येता. हा इथं काय करतो?"

वहिदाने पदराने कपाळ पुसलं. सकाळी चारपासून ती उभीच होती.

"साहेब, काम करत असंल तर याला जेलात टाकताल का?"

"जेल कशाला? याचा काय गुन्हा? जाब कंपनीला विचारू. याला घरी धाडू."

"बघा ना साहेब, भाभींनाही दया येते," आलोक घाईने म्हणाला. "गरीब माणूस आहे."

वहिदाने तुआनकडे पाहिलं. तो फौजदारांच्या टोपीकडे एकटक बघत बसला होता.

"सात महिने झाले साहेब. रोज मशीनवरच असतो. शुक्रवार न्हाई, इतवार न्हाई. पासपोर्ट त्या कपाटात हाय."

फौजदारांनी कपाटाकडे बोट केलं. आलोकने किल्ली शोधायला बराच वेळ लावला. फौजदारांनी पासपोर्ट उघडून फोटो चेहऱ्याशी ताडून पाहिला, तेव्हा तुआनने टेबलाखालचे दोन्ही हात वर घेतले आणि सर्वांसमोर ठेवले.

त्याचं सामान एका पिशवीत मावलं. वहिदाने त्याच्या वाटणीचा डबा वर ठेवला.

"उद्यापासून डबे आणू नका," आलोक तिच्याकडे न बघता म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

रिकाम्या डब्यांची पिशवी खांद्याला लावून ती गेटपर्यंत आली, तेव्हा पोलिसांची जीप तिथेच उभी होती. वॉचमन वहीत नंबर लिहून घेत होता. ती निरोपाला म्हणून खिडकीपाशी गेली. तुआन काचेला डोकं टेकून गाढ झोपला होता.