बारा मिनिटांचा तपास

एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेत ब्लॅक्सबर्गच्या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने बत्तीस जणांना गोळ्या घालून मारलं, तेव्हा अनुप गजभिये तिथून चार तासांवर, अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये कामावर होता. त्या शनिवारी आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम होता. एका शाळेच्या कॅफेटेरियात आसपासचे सगळे मराठी लोक जमले, बुद्धवंदनेआधी दोन मिनिटं शांत उभे राहिले. जेवताना मात्र दुसरा विषयच नव्हता.

"पोलीस पोचेपर्यंत सगळं संपतं यार," मोहन म्हणाला. मोहन अनुपचा ऑफिसातला मित्र, मुंबईचा. त्याच्याकडे दोन वर्षांपासून पिस्तूल होतं आणि रविवारी तो नेमबाजीच्या रेंजवर जायचा. "तू आता सिटिझन आहेस. घरात दोन वर्षांची पोरगी आहे. एक घेऊन ठेव."

अनुपला बंदुकीची हौस कधीच नव्हती. पण त्या आठवड्यात त्याने टीव्हीवर इतक्या आईबापांचे चेहरे पाहिले होते की रुचाला डे-केअरमध्ये सोडल्यावर तो बाहेर गाडीतच बसून राहायचा. त्याने बायकोला विचारलं. हर्षिता वर्ध्याची, सरळ बोलणारी.

"तुला बरं वाटत असेल तर आण," ती म्हणाली. "पण रुचाचा हात पोचणार नाही अशी जागा या घरात कुठे आहे, ते आधी दाखव."

त्याने कपाटातली जागा दाखवली. मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी तो बंदुकांच्या दुकानात गेला.

दुकानाचा मालक ग्लेन साठीच्या पुढचा, संथ बोलणारा माणूस होता. त्याने पिस्तूल कसं धरायचं ते दाखवलं आणि पुढे फॉर्म ठेवला. नाव, पत्ता, जन्मस्थळ. गुन्हा केलाय का? नाही. मग तो प्रश्न आला: तुम्हाला कधी मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलं गेलंय का, किंवा मनोरुग्णालयात सक्तीने दाखल केलं गेलंय का?

अनुपचं पेन थांबलं.

"स्वतःहून दाखल झालो असेन तर?" त्याने विचारलं.

ग्लेनने चष्म्यावरून पाहिलं. "स्वतःहून म्हणजे सक्ती नाही. उत्तर 'नाही' असं लिहायचं. ब्लॅक्सबर्गच्या मुलाला कोर्टाने उपचार घ्यायला सांगितले होते, पण ते पोलिसांच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलंच नाही. आता नियम बदललाय, तसे आदेशही नोंदवणार. पण माणूस आपल्या पायाने गेला, तर त्याची नोंद कुणीच करत नाही."

अनुपने 'नाही' वर खूण केली. ते खरंच होतं. ग्लेनने माहिती पोलिसांकडे पाठवली आणि दोघं वाट पाहत बसले.

२००१च्या डिसेंबरात नेपरव्हिलमध्ये अनुपची नोकरी गेली होती. एकटा राहायचा. नागपूरला आईला काही कळवलं नव्हतं. रोज सकाळी टाय बांधून तो स्टेशनवर जायचा, शिकागोच्या गाडीत चढणाऱ्या लोकांमध्ये उभा राहायचा आणि परत यायचा. जानेवारीत एका सकाळी त्याच्या लक्षात आलं, की आपण फलाटावरच्या पिवळ्या रेषेच्या पुढे उभे आहोत आणि न थांबणारी गाडी येतेय. तो मागे सरकला. तिथूनच टॅक्सी करून हॉस्पिटलमध्ये गेला आणि काउंटरवरच्या बाईला म्हणाला, मला घरी एकटं जायचं नाहीये. नऊ दिवस तो तिथे राहिला. वर्षभर गोळ्या घेतल्या, बरा झाला, नवी नोकरी घेऊन इकडे आला, लग्न केलं. हर्षिताला यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

तेव्हा घरात पिस्तूल असतं तर? मागे सरकायला तेवढा वेळ मिळाला असता का?

बारा मिनिटांनी ग्लेन म्हणाला, "अप्रूव्ह्ड. अभिनंदन."

"मला ते न्यायचं नाही," अनुप म्हणाला. "सॉरी. तुमचा वेळ गेला."

ग्लेनने पिस्तूल पुन्हा डब्यात ठेवलं. "फॉर्म मला ठेवावा लागतो. पिस्तूल तुम्ही नेलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "माझ्या भावालाही असंच 'अप्रूव्ह्ड' मिळालं होतं. त्याने परत दिलं असतं, तर आज तो असता."

अनुप घरी आला तेव्हा हर्षिता ओट्याशी संभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती. त्याचे रिकामे हात पाहून म्हणाली, "नाही म्हणाले?"

"हो म्हणाले. म्हणूनच घाबरलो."

तो खुर्ची ओढून बसला आणि स्टेशनपासून सगळं सांगितलं. त्याचं बोलून झाल्यावर ती रडली नाही, संतापली.

"लग्नाआधी का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणशील असं वाटलं."

"म्हटलंही असतं, कोणास ठाऊक. पण लग्नानंतरही तीन वर्षं तू एकटाच हे घेऊन फिरतोयस, आणि मला वाटायचं हिवाळ्यात तू स्वभावानेच गप्प होतोस!" तिने जुडी बाजूला सारली. "दर जानेवारीत मी स्वतःला दोष द्यायचे, अनुप. माझ्याशी बोलायला याला कंटाळा येतो म्हणून."

हे मात्र त्याला ठाऊकच नव्हतं. तो कितीतरी वेळ सॉरी, सॉरी म्हणत राहिला. दोन दिवस हर्षिता तुटक बोलली. तिसऱ्या दिवशी तिने डॉक्टरचा नंबर शोधून फ्रिजवर लावला आणि म्हणाली, "थंडी पडायच्या आधी एकदा दाखवून येऊ. दोघं जाऊ."

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात अनुप उठला आणि सर्वांसमोर त्या स्टेशनबद्दल आणि हॉस्पिटलबद्दल पाच-सात मिनिटं बोलला. नागपूरहून मुलाकडे आलेले शंकरराव काका नंतर जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जेवायला घेऊन गेले. मोहन मात्र म्हणाला, "एवढं पब्लिकली कशाला सांगायचं, यार?"

वर्ष गेलं. २००८च्या नोव्हेंबरात मोहनचं प्रोजेक्ट बंद झालं, नोकरी गेली. दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, तो न सांगता दारात उभा राहिला. दाढी वाढलेली.

"आत ये," अनुप म्हणाला.

"आत नको. गाडीत पिस्तूल आहे." मोहन खाली बघत होता. "झोप नाहीये, अनुप. आणि ते घरात आहे, हे सारखं डोक्यात येतंय. तुझ्याकडे ठेवशील?"

"माझ्या घरात नाही. पण ठेवायची जागा मला माहितीये. चल, मी ड्राइव्ह करतो."

ग्लेनने काहीही खोदून विचारलं नाही. पिस्तूल रिकामं केलं, नंबर लिहून घेतला, तिजोरीत ठेवलं आणि पावती दिली. "घाई नाही," तो मोहनला म्हणाला. "न्यायला याल तेव्हा या मित्राला घेऊन या."

परत येताना मोहन म्हणाला, "तुझ्या त्या डॉक्टरचा नंबर अजून आहे?"

"आहे. सोमवारी फोन करू."

हर्षिताने गरम पोळ्या वाढल्या. मोहनने आधी नको नको म्हटलं, मग पाच खाल्ल्या. जेवण झाल्यावर तो सोफ्यावर टेकला आणि बोलता बोलता त्याचा डोळा लागला. रुचा टीव्हीसमोर नाचत होती, तिला हर्षिताने खुणेने आत बोलावलं. अनुपने मोहनचे बूट काढून दारापाशी ठेवले आणि त्याच्या बायकोला फोन लावला.

"इथेच आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "जेवला. झोपलाय. तुम्हीही या, संध्याकाळचं इथेच करू."