गाढवाचा दगड

मुलगी दाखवण्याची चाल अनंतराव टिपणीसांनी आपल्या घरापुरती बंद केली होती. माणसाने माणसाला पाटावर बसवून निरखावे, तिच्या वेणीची लांबी बघावी, तिला चालून दाखवायला सांगावे, हे स्वतंत्र देशात शोभत नाही, असे त्यांनी बोरीवलीच्या वाचनालयात जाहीर व्याख्यानात सांगितले होते आणि त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. त्यामुळे वसुधेला स्थळ आले की ते लोक घरी येत नसत. ते रविवारी सकाळी बोरीवली स्टेशनबाहेर जमत आणि अनंतरावांच्या 'मध्ययुगातील दैनंदिन जीवन : एक पदभ्रमण' या कार्यक्रमात सामील होत. इतर मुलींना माजघरापासून बैठकीपर्यंत चालून दाखवावे लागे. वसुधेला एकसर गावापर्यंत चालावे लागे.

वसुधा मालाडच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत असे. आठवडाभर फळ्यापुढे उभे राहायचे आणि रविवारी वडिलांच्या मागून चालायचे. अनंतराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. पण रविवारी ते शिलाहारांच्या राज्यात राहत आणि सोमवारी नाइलाजाने परत येत. आजवर आलेल्या मुलांपैकी एकाला ऊन लागले, एकाला इतिहास लागला आणि एकाची आत्या शेताच्या बांधावरून घसरली, तिने घरी जाऊन पत्रिका जमत नसल्याचे कळवले. पत्रे सगळी सभ्य होती. वसुधेचे राग येण्याचे दिवस केव्हाच मागे पडले होते. आता फक्त पोटऱ्या दुखत.

या वेळी मात्र जमायला हवे होते. धाकट्या अनुपमाचे लग्न ठरल्यात जमा होते, पण थोरलीचे झाल्याशिवाय धाकटीचे करायचे कसे? अनुपमाच्या सासरचे लोक थांबायला तयार होते. फाल्गुनापर्यंत. त्यापुढे नाही, हे त्यांनी गोड शब्दांत कळवले होते आणि पुन्हा एकदा, जरा कमी गोड शब्दांत, कळवले होते. अनुपमा स्वतः काही बोलत नसे. रविवारी पहाटे उठून ती वसुधेचा डबा भरून देई आणि खाली बसून तिच्या साडीच्या निऱ्या सारख्या करून देई. डब्यापेक्षा त्या निऱ्यांचेच वसुधेला ओझे होई.

आजचे पाहुणे घाटकोपरचे होते. विद्याधर प्रधान आणि त्याची आई सुनंदाबाई. विद्याधर उंच, चष्मा लावणारा, वीज कंपनीत नोकरीला. त्याच्या एका हातात आईची पिशवी होती, दुसऱ्या हातात फिरकीचा तांब्या आणि काखेत छत्री. त्यामुळे त्याला नमस्कार करता आला नाही. त्याने तांब्या थोडा वर उचलला.

"आम्ही काही मुलगी बघायला नाही आलो हं," सुनंदाबाईंनी आल्या आल्या सांगितले आणि वसुधेला पायांपासून केसांपर्यंत एकदा बघून घेतले. "आम्हाला इतिहासाची फार आवड."

"अरे वा! कुठल्या काळाची?" अनंतरावांनी आशेने विचारले.

"सगळ्याच," सुनंदाबाई म्हणाल्या.

मंडळी निघाली. नेहमीचे पेन्शनर होते, कॉलेजातले दोन विद्यार्थी होते. घरे संपली आणि भाताची कापलेली शेते लागली तसे अनंतरावांना स्फुरण चढले. या वाटेने मीठ जात होते, इथे जकात घेत होते, तिथे तेलाची घाणी होती. वसुधेला प्रत्येक वाक्य पाठ होते. कोणत्या वाक्याला अप्पा काठी उचलतील तेही पाठ होते. काठी उचलली जाई तिथे नजर टाकली तर एक म्हैस असे.

एका पडक्या जोत्यापाशी थांबून अनंतराव म्हणाले, "इथून पुढचा भाग माझी कन्या सांगेल. मध्ययुगातले स्वयंपाकघर."

हा भाग त्यांनी वसुधेला का दिला होता, याबद्दल बापलेकीत कधी बोलणे झाले नव्हते. शिलालेखांचा भाग ती जास्त चांगला सांगू शकली असती. मातीत रुतलेल्या फुटक्या जात्याशेजारी उभी राहून तिने सांगायला सुरुवात केली. त्या काळी इथे मिरची नव्हती. बटाटा नव्हता. टोमॅटो नव्हता. शेंगदाणाही नव्हता. हे सगळे मागाहून जहाजांतून आले.

"मिरची नाही?" सुनंदाबाई हबकल्या. "मग बायका तिखटाला काय घालायच्या?"

"मिरी, पिंपळी. नाहीतर आलं."

"आणि बटाटा नाही, शेंगदाणा नाही, म्हणजे उपासाला काय करायचे?"

"उपास," वसुधा म्हणाली.

एक पेन्शनर खो खो हसला. विद्याधर इतका वेळ तांब्याकडे बघत होता, त्याने मान वर केली.

सुनंदाबाई हसल्या नाहीत. "बरं, ते जुनं जाऊ दे. तू काय घालतेस गं आमटीत?"

"घरात असेल ते."

"वसू सोलकढी उत्तम करते," अनंतराव घाईने म्हणाले.

"अप्पा, पुढे चला. ऊन वाढलंय."

पुढचा थांबा वाडीच्या कडेला, विहिरीजवळ होता. तिथे चिंचेखाली कमरेएवढा एक दगड उभा होता. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी आणि खाली एक गाढव आणि एक बाई. राजाने जमीन दान दिली की असा दगड रोवत. हे दान जो कोणी मोडील त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होईल, असा शाप वरच्या ओळींत होता; आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांची गैरसोय नको म्हणून खाली चित्र होते. मध्ययुगातला हा फारच दैनंदिन रिवाज. अनंतरावांना हा दगड अतिशय प्रिय होता. तो दाखवण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. "भगिनींनी विहिरीकडे व्हावे, तिथे सावली बरी आहे," असे ते म्हणत आणि भगिनी गेल्या की पुरुषांना खालच्या आवाजात सगळे समजावून देत. वसुधाही विहिरीकडे जाई. त्या दगडावर अप्पांनी लिहिलेल्या लेखाची मुद्रिते तिनेच तपासली होती, पण जाई.

"भगिनींनी विहिरीकडे—"

"मी नाही हं उठणार आता," सुनंदाबाई म्हणाल्या. नव्या चपलेने त्यांची टाच सोलवटली होती. त्या दगडासमोरच फतकल मारून बसल्या होत्या. "इथेच सांगा काय ते."

मग त्यांनी दगडाकडे नीट पाहिले. वाडीतल्या लोकांनी त्याला शेंदूर फासलेला होता. पायाशी झेंडूची फुले होती. सुनंदाबाईंनी लगबगीने पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले.

"कुठली हो देवी ही?"

अनंतरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. हा दगड पूर्वी पाहिलेले पेन्शनर चिंचेचे शेंडे न्याहाळू लागले. एका शकाच्या आकड्यावरून पुण्याच्या विद्वानांशी वर्षानुवर्षे भांडलेला आणि माघार न घेतलेला हा माणूस. खोटा इतिहास सांगणे म्हणजे खोटी नाणी पाडणे, असे तो मुलींना लहानपणापासून सांगत आला होता. आता त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ग्रामदेवता," अनंतराव म्हणाले.

"पण मग खाली गाढव का?" विद्याधरने विचारले. दिवसभरातले त्याचे हे पहिलेच वाक्य.

वसुधेने वडिलांकडे पाहिले. मग पायाशी पाहिले. एवढे चालूनही निऱ्या जागच्या हलल्या नव्हत्या. आपण एक वाक्य बोललो की संपले, हे तिला कळत होते. नाही बोललो तरी काहीतरी संपणार होते.

"शीतलादेवी," अनंतराव म्हणाले. आवाज त्यांचाच होता. "शीतलेचं वाहन गाढव असतं."

तेवढ्यात विहिरीवर धुणे धूत असलेली शेवंती हात पुसत पुढे आली. दगडाला शेंदूर फासणारी हीच. दर रविवारी अनंतराव तिला बजावत, बाई, ही देवी नव्हे, याला तेल लावू नका, अक्षरे जातात.

"बघा!" शेवंती म्हणाली. "मी इतकी वर्सं काय सांगत होती सायेब? देवी हाय, देवी हाय. आज पटला ना तुमाला?"

"अं? हो."

"सगल्यांच्या देखत बोला."

"देवी आहे," अनंतराव सगळ्यांच्या देखत बोलले आणि काठी टेकून चिंचेच्या मुळावर बसले.

सुनंदाबाईंनी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. आधी दगडाला कुंकू लावले, मग शेवंतीला, मग वसुधेला. "आई शीतले," त्यांनी मोठ्याने सांगितले, म्हणजे देवीला आणि इतरांनाही ऐकू जाईल असे, "आम्ही काही मुलगी बघायला आलो नव्हतो. पण मला पसंत आहे. हे जमू दे. दोघं जोडीनं येऊन दर वर्षी तुझी ओटी भरतील." वसुधेकडे वळून त्या म्हणाल्या, "हात जोड गं."

वसुधेने हात जोडले.

परतीच्या वाटेवर सुनंदाबाई अनंतरावांना देवीचे इतर चमत्कार विचारत पुढे चालल्या होत्या. चपला आता त्यांच्या हातात होत्या. विद्याधर आणि वसुधा मागे राहिली. राहिली म्हणजे ठेवली गेली.

"ती शीतलादेवी नाही," वसुधा म्हणाली.

"मग?"

"शाप आहे. दान दिलेली जमीन जो लाटेल त्याला. म्हणजे त्याला नाही. त्याच्या आईला."

"आईला काय?"

"चित्रात आहे ते."

विद्याधर थांबला. त्याने मागे वळून चिंचेकडे बघितले. मग पुढे चाललेल्या आपल्या आईकडे बघितले. मग बराच वेळ तो तांब्याची फिरकी घट्ट करत राहिला. ती आधीच घट्ट होती.

"हे मला का सांगितलंत?"

"दर वर्षी यायचं म्हणताहेत. कधीतरी कोणीतरी तुम्हाला सांगेलच. तेव्हा मी हात जोडून उभी होते हे आठवेल तुम्हाला." तिला दम लागला होता. चालण्याने नव्हे. "माझ्या बहिणीचं लग्न माझ्यापायी अडलंय, म्हणून तिथे गप्प बसले. अप्पाही म्हणूनच बोलले. ते कधी खोटं सांगत नाहीत. नाही म्हणायचं असेल तर स्टेशनपर्यंत ठरवा आणि तोंडी सांगा. पत्र नका पाठवू. पत्रं फार झाली."

"मलाही फार येतात," विद्याधर म्हणाला.

"मुलींची?"

"त्यांच्या वडिलांची. आईशी बोलणं झालं की दुसऱ्या टपालाने येतात."

वसुधेला हसू आले नाही, पण येऊ शकले असते.

"आईला सांगायचं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे दर वर्षी यावं लागणार. ओटी भरायची, नारळ फोडायचा. मी नारळ धरीन."

"चालत?"

"बैलगाडीचं बघू." तो थोडा घुटमळला. "तुम्हाला चालेल ना पण? तुम्हाला कोणी विचारलेलं दिसत नाही."

या प्रश्नाची तिला सवय नव्हती. तिने तो उलटसुलट करून पाहिला. कुठे खोट सापडली नाही. "ती पिशवी इकडे द्या," ती म्हणाली. "एक हात तरी मोकळा ठेवा."

पाहुण्यांची गाडी गेली तेव्हा ऊन उतरले होते. अनंतराव आणि वसुधा घराकडे निघाले. वाटेतल्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर अनंतराव बसले. असे ते कधी बसत नसत.

"तू त्याला सांगितलंस," ते म्हणाले. "त्याने मागे वळून दगडाकडे बघितलं, तेव्हाच मी ओळखलं."

"हो."

"आणि?"

"हो म्हणाला."

अनंतरावांनी काठीने मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाले, "म्हणजे खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"त्याच्या आईला नसतं चाललं. आईंना कळू द्यायचं नाही, असं ठरलंय आमचं."

"म्हणजे मला दर वर्षी…"

"दर वर्षी. शिवाय शेवंती आता दर रविवारी विचारणार."

समोरून एक सायकलवाला गेला, त्याने "काय टिपणीस, आज काय काय दाखवलंत?" असे विचारले. अनंतरावांनी नुसती काठी वर केली.

"शीतलेचं वाहन गाढव असतं, हे मात्र खरं आहे हं," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"माहीत आहे, अप्पा."

"तेवढं मी खोटं नाही सांगितलं."

"नाही. उठा आता. अनुपमा दारात उभी असेल."

त्यांनी हात पुढे केला, वसुधेने धरून त्यांना उठवले. दोघांचेही गुडघे वाजले.

"तिला तूच सांग," अनंतराव म्हणाले. "मी आज आणखी काही सांगणार नाही कोणाला."