सातवी जोडी

कोजागिरीला मंडळाने कॉन्ट्रा डान्स, म्हणजे इथला रांगेतला लोकनाच, ठेवला आणि शिकवायचं काम माझ्याकडे आलं. हा नाच मला वीस वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत, कॅरीत, वीणाने शिकवला. वीणा तेव्हा माझी बायको होती. आता ती राजीवबरोबर राहते आणि सोमवारी दोघं टेक्सासला, फ्रिस्कोला शिफ्ट होतायत. मंडळाच्या यादीत आम्ही अजून 'फॅमिली' आहोत. यादी वर्षातून एकदाच अपडेट होते.

नाच मी मराठीत आणला. 'स्विंग'ची फुगडी केली, 'डो-सी-डो'चं पाठीला पाठ. चक्कर येऊ नये म्हणून फिरताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. आमच्यात ते जमणारं नाही, म्हणून नियम बदलला: बायकांच्या टिकलीकडे बघा, पुरुषांच्या चष्म्याकडे.

बाकी रचना तीच. जोड्या रांगेत उभ्या राहतात. दर फेरीला विषम नंबरची जोडी एक जागा खाली सरकते, सम नंबरची वर. समोर नवी जोडी येते, तिच्याशी जोडीदार बदलून फुगडी. विषमला विषम भेटत नाही. दोन्ही एकाच दिशेने चाललेल्या असतात.

मी मुलीला, इलाला, घेऊन पहिला उभा राहिलो. वीणा-राजीव सहावे. म्हणजे तिसऱ्या फेरीत वीणाशी आठ सेकंदांची फुगडी. फोनवर ती "ईमेल कर" म्हणते, आणि ईमेलमध्ये मी मुद्दे काढतो. आठ सेकंदांत मुद्दे निघत नाहीत. 'चूक माझी होती' एवढंच बसतं. गाडीत म्हणून बघितलं होतं, तीन सेकंद लागले. तेवढ्यापुरता कानावरचा माइक बंद करायचाही सराव केला होता.

"बाबा, डोंट बी वीअर्ड," इला म्हणाली.

"मोजतोय फक्त."

गाणं लावणार तेवढ्यात यतीनकाका आणि नंदाकाकू आले. पन्नास मिनिटं उशिरा, म्हणजे तसे लवकरच.

उशिरा येणाऱ्यांनी रांगेच्या शेवटी जायचं असतं. मी माइकवरून तसं सांगितलं.

"अरे, काकूंचा गुडघा बघ," कोणीतरी ओरडलं. "कुठे शेवटी पाठवतोस त्यांना?"

"या काकू," वीणा म्हणाली. "आमच्या पुढे या."

ती एक पाऊल मागे झाली, राजीवलाही बाहीला धरून मागे घेतलं. काकू सहाव्या झाल्या, वीणा सातवी.

"गुणाची गं बाई," काकू म्हणाल्या.

मग वीणाने माझ्याकडे बघितलं. चष्म्याकडे नाही, डोळ्यांत. सम-विषम मला तिनेच शिकवलं होतं, किचनच्या ओट्यावर मसाल्याच्या बाटल्या सरकवून.

तिसऱ्या फेरीत नंदाकाकू समोर आल्या. मी हात धरले, टिकलीकडे बघितलं.

"चूक माझी होती," मी म्हणालो.

"असू दे रे. उशिरा तर आम्हीच आलो."

माइक बंद करायचा राहिला होता. हॉलभर ऐकू गेलं. दोन-तीन जोड्यांना ती नवी स्टेप वाटली, त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. सहा जागा पुढे वीणा थांबली नाही. तिने फुगडी पूर्ण केली आणि ठेक्यात एक जागा खाली सरकली.

मग मीही सरकलो.